बाळंतिणीला रात्री आडवे होऊन झोप लागते का, एवढे तरी विचारा

प्रति,
मा. उपसंचालक, आरोग्य सेवा, छत्रपती संभाजीनगर व लातूर परिमंडळ,
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : गरोदरपणाच्या अखेरीस आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हृदय निकामी होऊ लागते, ते गावपातळीवर वेळेत ओळखले जाण्याबाबत.

महोदय/महोदया,

सविनय नमस्कार. बीड जिल्ह्यात आधी आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहाय्यिका म्हणून एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. उपकेंद्रातली रजिस्टरे, लसींचे डबे, पावसाळ्यात चिखलातून केलेल्या गृहभेटी आणि महिनाअखेरचे अहवाल यांतच माझे आयुष्य गेले. त्यामुळे हे पत्र बाहेरून बोट दाखवणाऱ्या माणसाचे नाही. ज्या चुकीबद्दल मी लिहीत आहे, ती माझ्या हातून, माझ्याच माहेरच्या घरात झालेली आहे.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवव्या महिन्यात तिचा रक्तदाब १५०/९६ भरला आणि पायांवर सूज आली, तेव्हा तिला गोळ्या सुरू झाल्या. बाळंतपण दवाखान्यात, सुखरूप झाले, दाब उतरला, गोळ्या थांबल्या आणि तिसऱ्या दिवशी लेक घरी आली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मी डिंकाचे लाडू घेऊन तिला भेटायला गेले आणि तीन दिवस राहिले. ती बाजेवर भिंतीला टेकून बसलेली असायची, पाठीशी दोन गोधड्यांची घडी आणि पायथ्याशी झोपलेले लेकरू. रात्री तिला कोरडा खोकला यायचा. ती मला म्हणाली, “आत्या, आडवं झालं की जीव गुदमरतोय. बसलं की बरं वाटतंय.” मी तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला तेव्हा खळगा पडला आणि तो भरायला बराच वेळ लागला. एवढे डोळ्यांनी पाहूनही मी तिला सांगितले, “लेकराच्या जागरणानं होतंय बाई असं, अंगात रक्त कमी आहे तुझ्या.” तिची आजी म्हणाली की बाळंतवात आहे, शेक वाढवा. आजीने तिच्या अनुभवातून निदान केले आणि मी माझ्या प्रशिक्षणातून, पण दोन्ही निदाने सारखीच चुकीची होती.

मी परतल्यानंतर दोन दिवसांनी अशक्तपणासाठी म्हणून गावातल्या एका डॉक्टरांनी तिला सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या. त्या रात्री तिच्या छातीतून घरघर ऐकू येऊ लागली आणि खोकल्यातून गुलाबी फेस पडला. १०८ वेळेवर आली म्हणून ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचली. तिथे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला त्याच्या डाव्या कप्प्यातले साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर ढकलते, तिचे २५ टक्के ढकलत होते. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने पहिला प्रश्न विचारला, “किती दिवसांपासून या बसून झोपतात?” माझ्या भावजयीने बोटांवर मोजून नऊ दिवस सांगितले. त्या नऊ दिवसांतले तीन दिवस मी त्याच घरात होते.

या आजाराला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात. आधी ज्या स्त्रीला हृदयाचा कसलाही त्रास नव्हता, तिच्या हृदयाचा स्नायू गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा प्रसूतीनंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत ढिला पडतो, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि पाणी फुप्फुसात व पायांत साचू लागते. बहुतेक जणींना त्रास सुरू होतो तो प्रसूतीनंतर. ज्यांचा रक्तदाब गरोदरपणात वाढला होता, ज्यांना जुळे झाले, ज्यांचे वय तिशीच्या पुढे आहे, ज्यांची बाळंतपणे अधिक झाली आहेत, त्यांना धोका जास्त असतो. पण यांतले काहीही नसलेल्या पहिलटकरणीलाही तो होऊ शकतो. आजार सर्रास आढळणारा नाही, हे मला मान्य आहे. जगात काही ठिकाणी तो काही हजार बाळंतपणांमागे एखादा दिसतो, तर उत्तर नायजेरियासारख्या भागात शंभरांत एक इतका. आपल्याकडे किती, हे मोजायचे तर आधी तो ओळखला गेला पाहिजे, आणि इको झाल्याशिवाय त्याची खात्री होत नाही.

तो नजरेतून सुटतो, कारण त्याची सगळी लक्षणे बाळंतिणीच्या नेहमीच्या तक्रारींचे कपडे घालून येतात. गरोदर बाईच्या शरीरातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, पोट वर सरकते, चढ चढताना धाप लागते आणि संध्याकाळी पाय सुजतात. हे सगळे साहजिक आहे आणि आम्ही सेविकांनी हजारो जणींना तसे सांगून धीर दिलेला आहे. शिवाय देशात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलेलेच आहे, त्यामुळे दम लागतो म्हटले की आमचा हात आपोआप लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे जातो. पण काही गोष्टी साहजिक नाहीत. आडवे पडल्यावर गुदमरणे आणि उठून बसल्यावर बरे वाटणे साहजिक नाही. मध्यरात्री श्वास कोंडून जाग येणे आणि दारात जाऊन उभे राहावेसे वाटणे साहजिक नाही. सकाळी उठल्यावरही न उतरलेली सूज, थोड्या दिवसांत एकदम वाढलेले वजन, ताप नसताना रात्री येणारा खोकला आणि बसल्या जागी छातीत होणारी धडधड, यांतले काहीही बाळंतपणाचा भाग नाही. बाळंतीण आठ-पंधरा दिवसांत हलकी होत जायला हवी. ती दिवसेंदिवस जड होत असेल तर तिचे हृदय तपासलेच पाहिजे.

सलाईनविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात ते औषधापेक्षा श्रद्धेचा विषय झाले आहे. अशक्तपणा आला की बाटली लावायची, आणि बाटली न लावणारा डॉक्टर कंजूस किंवा अडाणी, असे आपल्याकडे मानले जाते. कितीतरी डॉक्टर नाइलाजाने लावतात, हे मी जवळून पाहिले आहे. ज्या हृदयाला अंगातलेच पाणी उपसता येत नाही, त्याच्यावर आणखी एक लिटर ओतायचे म्हणजे तुंबलेल्या गटारात टँकर रिकामा करायचा. या रुग्णाला खरी गरज असते ती नेमकी उलटी: बसवून ठेवायचे, ऑक्सिजन द्यायचा आणि डॉक्टरांच्या सांगण्याने लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइडसारखे औषध द्यायचे. म्हणून आपल्या अधिकारातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला एक साधी लेखी सूचना जावी, अशी माझी विनंती आहे: धाप लागलेल्या गरोदर किंवा बाळंत स्त्रीला, तिची छाती, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन तपासल्याशिवाय सलाईन लावू नये. गावातल्या खाजगी डॉक्टरांपर्यंतही ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या मार्फत पोहोचावी.

आता बेचाळीस दिवसांबद्दल. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. या सहा भेटींनी कितीतरी बाळे वाचवली आहेत, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भेटीच्या फॉर्मवर बाळाचे वजन, बाळाचे तापमान, बाळाची नाळ आणि बाळाचे दूध यांना जेवढी जागा आहे, तेवढी आईच्या श्वासाला नाही. बेचाळिसावा दिवस उलटला की आई आमच्या रजिस्टरातून जवळजवळ बाहेर पडते. आमची मोजणीही तिथेच थांबते. महाराष्ट्राचे माता मृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले, देशाचे तेव्हा ९७ होते. या आकड्यात माझ्यासारख्यांचे पायही झिजले आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे. परंतु माता मृत्यू म्हणून धरला जातो तो बेचाळीस दिवसांच्या आतला. त्यानंतर वर्षभराच्या आतल्या मृत्यूला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उशिराचा माता मृत्यू असे वेगळे नाव आहे, पण तो या प्रमाणात येत नाही.

माझ्या नोकरीच्या काळातली एक बाई मला आठवते. ती जुळ्यांची आई होती. अडुसष्टाव्या दिवशी पहाटे गेली. घरच्यांनी सांगितले की आठवडाभर दमा झाला होता. तिला आयुष्यात कधी दमा नव्हता, हे मला माहीत होते, कारण तिच्या दोन्ही बाळंतपणांची नोंद माझ्याच अक्षरात होती. मी मृत्यूची माहिती वर कळवली, पण दिवस मोजून झाल्यावर त्या मृत्यूचा शोध घेण्याचे कोणालाच कारण उरले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही सुटल्यासारखे वाटले, कारण माता मृत्यूची चौकशी म्हणजे काय असते हे आमच्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. आज विचार करते तेव्हा वाटते, ती बहुधा याच आजाराने गेली असावी.

उपाय सुचवताना नवे पद, नवा फॉर्म, नवे ॲप यांचा आग्रह मी धरणार नाही; आशाताईंच्या पिशवीत आधीच कागद कमी नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे की आई जिथे आपण होऊन येते, तिथे तिला विचारा. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाची लस द्यायची असते आणि ते बाळ घेऊन लसीकरण सत्राला बहुतेक वेळा त्याची आईच येते. चौदावा आठवडा म्हणजे अठ्ठ्याण्णवावा दिवस. बेचाळिसाव्या दिवसानंतर ज्या काळात आपण या स्त्रीला विसरतो, त्याच काळात ती दोन वेळा आपल्यासमोर, अंगणवाडीच्या सतरंजीवर बसलेली असते आणि आपण तिच्या मांडीवरच्या बाळाला टोचून तिला तापाची गोळी देऊन परत पाठवतो! तिथे एकच प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो: “रात्री आडवं होऊन झोप लागते का, की बसून काढावी लागते?” उत्तर बसून असे आले, तर रक्तदाब पाहावा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावावा. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या वेळी ही यंत्रे आपण घरोघर फिरवली होती. त्यांतली जी चालू आहेत ती कपाटातून बाहेर काढता येतील. बसल्या जागी नाडी ११० च्या वर किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आकडे बरे दिसले तरी बाई बसून झोपत असेल तर तिला पाठवायचेच, कारण सुरुवातीला यंत्राच्या आधी रुग्णालाच कळते. पुढे तिसऱ्या महिन्यात बाळासाठी आशाताईची जी गृहभेट होते, तिच्यातही हाच प्रश्न जोडता येईल.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचे काय करायचे, हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, म्हणून सातव्या-आठव्या महिन्याची बाईही फडात असते आणि दोन महिन्यांची ओली बाळंतीणही. पहाटे ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवायच्या. अशा बाईने दम लागतो म्हटले तर कोपीवरच्या इतर बायकाही हसतील, कारण दम सगळ्यांनाच लागतो. तिची नोंद गावातल्या उपकेंद्रात, माता-बाल संरक्षण कार्ड गावच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत आणि ती स्वतः दोनशे किलोमीटरवर, कधी कर्नाटकाच्या हद्दीत. गाव सोडण्याआधी गरोदर आणि बाळंत बायांची यादी करून कार्ड सोबत द्यावे, आणि गावच्या आशाताईने पंधरा दिवसांतून एकदा फोन करून झोपेचा तोच प्रश्न विचारावा. फोनवर रक्तदाब मोजता येत नाही, पण धापेने तुटणारे वाक्य ऐकू येते. कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राला ती यादी कळवण्याचे काम मात्र दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनीच आपसांत करायचे आहे. आशाताईच्या हातात ते नाही.

याला लागूनच दुसरा एक आजार आहे, तो झडपांचा. लहानपणी घसा धरून येणाऱ्या तापानंतर सांधे सुजतात आणि पुढे हृदयाची झडप आखडते. त्या मुलींना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. आपल्या देशात गरोदरपणात आढळणाऱ्या हृदयविकारांत या आजाराचा वाटा फार मोठा आहे. आखडलेल्या झडपेला वाढलेले रक्त पेलवत नाही, त्यामुळे त्रास सातव्या-आठव्या महिन्यात किंवा अगदी प्रसूतीच्या वेळी, गर्भाशयातले रक्त एकदम परत फिरते तेव्हा होतो. मराठवाड्यात मी पाहिलेली अडचण वैद्यकीय नाही. लग्न मोडेल म्हणून मुलीचे इंजेक्शन बंद करतात, फाइल लपवतात, आणि सासरी गेल्यावर ती स्वतःही बोलत नाही. पहिल्या नोंदणीच्या वेळी सासू समोर बसलेली असताना “हृदयाचा काही आजार?” असे विचारले तर उत्तर नाहीच येणार. वजन करायला म्हणून तिला आत न्यावे, दार लोटून घ्यावे आणि मग विचारावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, तेव्हा प्रत्येक गरोदर स्त्रीच्या छातीला एकदा तरी स्टेथोस्कोप लागावा. गर्दीच्या दिवशी तो फक्त गळ्यात असतो, हे आपणही पाहिले असेल.

इकोबद्दल माझे म्हणणे थोडक्यात आहे. ही तपासणी दुखत नाही, तिच्यात क्ष-किरण नसतात आणि पोटातल्या बाळाला तिचा काही अपाय नाही. प्रत्येक जिल्ह्यात या स्त्रियांसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस असावा आणि तो दिवस उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असावा, म्हणजे शंभर रुपये भाडे खर्चून गेलेली बाई “मशीन आहे, डॉक्टर नाहीत” हे ऐकून परत येणार नाही. संदर्भ चिठ्ठीवर “धाप, पुढील उपचारार्थ” एवढे न लिहिता “बाळंतपणानंतर हृदय निकामी होत असल्याची शंका, इको करावा” असे पूर्ण लिहावे. पुढच्या डॉक्टरांची शंका कुठून सुरू होते, हे त्या चिठ्ठीवरच ठरते.

निदान झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे हृदय नीट औषधांनी सहा महिने ते वर्षभरात पूर्ववत किंवा त्याच्या जवळ येते, पण बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात, त्यातून पुन्हा धाप लागते. काही जणींना ब्रोमोक्रिप्टीन देतात. त्याने दूध आटते, आणि मग बाळासाठी पावडरचा खर्च आणि “आईने दूध तोडले” हा टोमणा अशा दोन्ही गोष्टी घरात येतात. अशा घरी आशाताईने सासूशी आधी बोलावे, नाहीतर गोळ्या चुलीत जातात. एनालाप्रिलसारखी जी औषधे बाळंतिणीला चालतात, ती गरोदर बाईला चालत नाहीत, म्हणून पुन्हा दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना गाठायचे, हे तिला घरी सोडतानाच सांगितले पाहिजे. हृदय कमजोर असताना पुढचे बाळंतपण जिवावर बेतू शकते. माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजन असते आणि त्याने रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून या स्त्रीला त्या सरसकट देऊ नयेत; तांबी बसवता येते. पुरुषाची नसबंदीही होते, बिनटाक्याची, काही मिनिटांत. पण आपल्याकडे ती सुचवली की खोलीत शांतता पसरते आणि कमजोर हृदयाच्या बाईलाच टेबलावर न्यायची तयारी सुरू होते.

माझी भाची आज बरी आहे. चौदा महिन्यांनी तिच्या इकोचा आकडा ५० च्या पुढे गेला. ती रोज दोन गोळ्या घेते, शेळ्यांमागे रानात जाते आणि रात्री आडवी झोपते. तिच्या नवऱ्याने स्वतःची नसबंदी करून घेतली, हे मी त्याची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

आपल्या परिमंडळातल्या कोणत्याही तालुक्यात आशाताईंच्या मासिक बैठकीत मला वीस मिनिटे मिळाली, तर मी स्वखर्चाने येईन. सोबत फक्त दोन गोधड्या आणीन. एक बाई त्यांना टेकून बसते तेव्हा ती नेमकी कशी दिसते, ते त्यांना एकदा दाखवायचे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका,
जिल्हा बीड